डॉ. सुभाष मुखोपाध्याय : गोठवलेल्या गर्भाची उपेक्षित कहाणी

गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या भांड्यात, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात, हे परतवाडा-अचलपूरच्या पशुपालकांना ठाऊक आहे. स्त्रीबीज किंवा गर्भ असा टिकवणे मात्र अवघड. बीजाची पेशी मोठी आणि पाण्याने भरलेली असते. गोठताना आत बर्फाचे स्फटिक तयार झाले की ती फुटते. १९७७ मध्ये व्हिटिंगहॅम यांनी उंदराची अफलित बीजे गोठवली, नंतर फलित केली आणि त्यांतून पिल्ले जन्मली.

त्याच सुमारास कोलकात्यात एक सरकारी डॉक्टर मानवी गर्भावर हाच प्रयोग करत होता. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १९३१ मध्ये हजारीबागचा. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण, मग एडिंबरोहून १९६७ मध्ये पीएचडी. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत गर्भ तयार केला, डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरून तो गोठवला आणि ५३ दिवसांनी गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या ७० दिवसांनी!

कौतुक सोडाच, वाट्याला चौकशी आली. राज्य सरकारच्या समितीत या विषयाचा जाणकार नव्हता; तिने दावा फेटाळला. जपानला जाऊन संशोधन मांडायची परवानगी मिळाली नाही. शेवटी त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञान संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

न्याय मिळाला तो मुंबईमुळे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मलेली हर्षा भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली जात होती. त्या यशाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःकडचा मान असा दुसऱ्याला देणारे विरळाच.

आज कर्करोगाच्या उपचारापूर्वी तरुण स्त्रियांना बीजे गोठवून ठेवता येतात. केमोथेरपी ठरली असेल तर पहिल्या डोसाआधीच डॉक्टरांना याविषयी विचारा. नंतर उशीर होतो. गोठवलेल्या प्रत्येक बीजातून मूल होतेच असे नाही, हेही लक्षात ठेवा. पण विचारण्याजोगा पर्याय आज आहे, आणि त्यामागे मुखोपाध्यायांसारख्यांचे कष्ट आहेत.