निर्णयाचे धनी : शेठ वालचंद हिराचंद

पोहरादेवीच्या दर्शनास येणाऱ्या बंजारा बांधवांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरची वाहतूक केली. कोणती वाट धरावी, मुक्काम कोठे करावा, हे तांड्याचा नायक ठरवीत असे. त्याच्या निर्णयावर साऱ्या तांड्याचा निर्वाह अवलंबून असे. पुढे आगगाडी आली आणि लदेणीचा व्यवसाय मोडला. त्याच आगगाडीच्या कामातून एका जैन तरुणाच्या कर्तृत्वाचा प्रारंभ झाला.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलोपार्जित कापूस व सावकारीच्या व्यवसायात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभारण्याची शक्ती होती. आपल्यात जे उणे आहे ते ओळखून योग्य माणूस जोडणे, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय होय. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसाहून मुंबईस पाणी आणणारी नळयोजना अशी अवघड कामे पुढे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस आहे, असे कळताच त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडे उतरवून या नव्या कंपनीला जेरीस आणले. तेव्हा कंपनी विकून मोकळे होण्याऐवजी १९२३ साली किनारी वाहतुकीपुरती मर्यादा घालणारा करार स्वीकारण्यात आला. त्यात कमीपणा होता, पण कंपनी जगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले. संधी आली असता विलंब न करणे आणि संकटात उतावीळ न होणे, हे दोन्ही गुण या एकाच उद्योगात दिसून येतात.

१९३९ साली विमानप्रवासात त्यांची अमेरिकन विमान उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. विमाने बांधण्याचा विचार त्या भेटीत रुजला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने तिचा कारभार हाती घेतला. १९४१ मध्ये पायाभरणी झालेल्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १९४८ साली पाण्यात उतरले. ही गोदीही पुढे सरकारकडे गेली. मालकी गेली, तरी उभारलेले काम चालू राहिले. मुंबईच्या कुर्ला येथे मोटारींचा, रावळगाव व वालचंदनगर येथे साखरेचा कारखाना उभारतानाही त्यांची रीत तीच होती. तज्ज्ञ माणसे नेमावीत आणि त्यांच्यावर कामाची जबाबदारी सोपवावी. एका मनुष्याने सर्व कारभार आपल्याच मुठीत ठेवला असता, तर इतकी भिन्न क्षेत्रे एकाच आयुष्यात उभी राहिली नसती.

१९४९ साली पक्षाघाताने त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना कारभारातून निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. वालचंदनगर हे गाव आणि सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव आजही धारण करतात.

दुकान असो, जिनिंग असो वा कार्यालय, अनिर्णयामुळे माणसांचे हात रिकामे राहतात आणि दिवस वाया जातो. वेळेवर ठरविणे, ठरविलेले योग्य हाती सोपविणे आणि फळ दुसऱ्याच्या नावे गेले तरी काम थांबू न देणे, हीच व्यवस्थापकाची खरी कसोटी होय. तांड्याच्या नायकाप्रमाणे वालचंदांनीही इतरांच्या निर्वाहाचे ओझे निर्णयाच्या बळावर पेलले.