मुंबई बेट ज्यांच्याकडे भाड्याने होतं, त्या डॉक्टरांची हाडं गोव्यात का जाळली?

४ डिसेंबर १५८०. गोव्यात एका डॉक्टरांना जाळण्याची शिक्षा अमलात आली. अडचण एकच होती. ते डॉक्टर १२ वर्षांपूर्वीच वारले होते. मग कबर उकरून हाडं बाहेर काढली आणि ती जाळली.

या डॉक्टरांचं नाव गार्सिया द ओर्टा. आरोप काय? तर वरून ख्रिश्चन, पण घरात ज्यू.

स्पेन, पोर्तुगाल आणि मग गोवा

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं. ओर्टांचे आई-वडील पळून पोर्तुगालला गेले. तिथे १४९७ मध्ये ज्यूंना बळजबरीने ख्रिश्चन केलं गेलं. साधारण १५०१ च्या सुमारास गार्सियांचा जन्म झाला तो अशा घरात.

स्पेनमध्ये वैद्यक शिकून ते लिस्बनला शिकवू लागले. पण बाटलेल्या ज्यूंवर कायम संशय असायचा. १५३४ मध्ये ते मार्टिम अफोन्सो द सूझा या दर्यासारंगाचे डॉक्टर म्हणून जहाजात बसले आणि गोव्यात उतरले.

पुढे तिकडे लिस्बनमध्ये त्यांच्या बहिणींना इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने पकडलं. सुटका झाल्यावर आई आणि बहिणीही गोव्यात आल्या.

निजामशहाचा दोस्त

ओर्टांचा जम बसला. पोर्तुगीज गव्हर्नर त्यांचे पेशंट होतेच, पण अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही त्यांच्याकडून उपचार घ्यायचा. आपल्या बीडच्या शेजारच्या या दरबारात त्यांची हकिमांशी औषधांवर चर्चा व्हायची.

१५५० च्या दशकात पोर्तुगीजांनी त्यांना मुंबईचं बेट भाड्याने दिलं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

ते पुस्तक

१० एप्रिल १५६३ ला गोव्यात त्यांचं पोर्तुगीज पुस्तक छापून आलं. विषय भारतातली औषधं. मांडणी गप्पांची. एका बाजूला स्वतः ओर्टा, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर. रुआनो जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्टा सांगतात की इथे प्रत्यक्षात काय दिसतं. हिंग, फणस, नारळ, विड्याची पानं, भांग, धोतरा, सगळं यात आहे.

कॉलऱ्याचं युरोपियन डॉक्टरने केलेलं हे सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक. त्याचं इथलं नावही त्यांनी नोंदवलं. ते नाव म्हणजे आपल्याकडची 'मोडशी'.

स्पेनमध्ये असतो तर गॅलेनसारख्या ग्रीक वैद्याविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असं ते या पुस्तकात मान्य करतात. वनस्पतींबद्दल ते गोव्यात मोकळेपणाने लिहू शकले. स्वतःच्या धर्माबद्दल मात्र एक शब्द लिहिण्याची सोय नव्हती. कारण १५६० मध्येच इन्क्विझिशन गोव्यात पोहोचलं होतं.

मेल्यावर खटला

१५६८ मध्ये ओर्टा वारले, तोपर्यंत त्यांना कुणी हात लावला नाही. पण त्यानंतर घरच्यांची धरपकड सुरू झाली. २५ ऑक्टोबर १५६९ ला बहीण कॅटरिनाला गोव्यात जाळून मारण्यात आलं. चौकशीत नातेवाईकांच्या तोंडून ओर्टांचं नाव आलं. ते मनाने ज्यूच होते, मोशेचा धर्मच खरा मानायचे, असं नोंदवलं गेलं. त्यावरूनच पुढे १५८० ची शिक्षा झाली.

तोवर त्यांचं पुस्तक मात्र फार लांब गेलं होतं. १५६७ मध्येच क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाने त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप करून अँटवर्पला छापला. लॅटिन ही तेव्हा युरोपातल्या सगळ्या शिकलेल्यांची भाषा. त्यामुळे भारतातल्या औषधांची माहिती तिकडच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

आज पणजीत चर्चसमोर एक बाग आहे. तिला नाव आहे, गार्सिया द ओर्टा उद्यान.