महादेव बाबा नावाचा साहेब

आमच्या दिंद्रुडकडे गोऱ्या साहेबाच्या गोष्टी फारशा ऐकायला मिळत नाहीत. पुण्या-मुंबईच्या जुन्या माणसांकडे कलेक्टरसाहेब, जिमखाना, बँडस्टँड असा खजिनाच असतो. आमचं गाव माजलगाव तालुक्यात, बीड जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. म्हाताऱ्यांच्या तोंडी तालुकदार, गिरदावर, उर्दू शाळा आणि रझाकार. इंग्रज कुटुंब म्हटलं की आम्हाला सिमला, माथेरान, पांढऱ्या टोप्या आणि पाळलेली कुत्री एवढंच डोळ्यांपुढे येई, तेही सिनेमातलं.

पण धारूर, केज, कळंब, धाराशिव करत तुळजापूरला जाणारी आमच्याकडची माणसं आईचं दर्शन घेऊन कधी कधी पुढे वीसेक मैलांवरच्या नळदुर्गापर्यंत जातात. किल्ला पाहतात, बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पाहतात, पावसाळा असेल तर नर-मादी धबधब्यांखाली उभं राहून भिजतात. याच किल्ल्यात १८५३ पासून १८५७ पर्यंत एक इंग्रज अधिकारी राहत होता आणि आसपासचे लोक त्याला महादेव बाबा म्हणत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याचं खरं नाव फिलिप मेडोज टेलर. मेडोजचं महादेव कसं झालं हे सांगायला भाषापंडित नको. कुणाच्याही नावाला आपल्या जिभेच्या वळणावर आणायची आपली जुनी खोड आहे. मात्र ‘बाबा’ ही पदवी जिभेच्या वळणाने मिळत नाही.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. बाप व्यापारी होता, पण घरची स्थिती खालावत गेली. पंधरा वर्षांच्या या पोराला १८२४ साली मुंबईला पाठवण्यात आलं ते बॅक्स्टर नावाच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करायला. मोठी पेढी असेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात बॅक्स्टर स्वतःच अडचणीत होता. आईच्या नात्यातल्या एका वजनदार अधिकाऱ्याने खटपट केली आणि पोराला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कंपनी सरकारची सनदी नोकरी म्हणजे पगार, पेन्शन, बढती, मान. निजामाच्या चाकरीतला इंग्रज म्हणजे त्या पंगतीबाहेरचा. टेलर आयुष्यभर या दुसऱ्या पंगतीत बसला. शाळा अर्धवट सुटलेली, मागे वशिला नाही, तेव्हा त्याने एकच शहाणपणाचं काम केलं. औरंगाबादच्या छावणीत मुन्शी धरून हिंदुस्थानी शिकला. पुढे मराठी आली. मोजणी, कायदा, चित्रकला, इमारतकाम, हेही तो असंच स्वतःचं स्वतः शिकत गेला.

लग्न झालं ते १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला, हैदराबादच्या विल्यम पामरच्या मुलीशी, मेरीशी. ही सोयरीक साधी नव्हती. विल्यमचे वडील जनरल पामर. ते १७९८ ते १८०१ या काळात पुण्याला पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते. आणि विल्यमची आई फैझ बक्ष बेगम, उत्तरेतल्या खानदानी मुसलमान घराण्यातली. या जोडप्याचं मुलाबाळांसह काढलेलं एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जनरलसाहेब लाल डगल्यात, बेगम जमिनीवर बसलेली, भोवती पोरं. अठराव्या शतकात असं घर चालून जाई. मग १७९१ साली कंपनीने हुकूम काढला, की हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्यांना आमच्या नोकरीत जागा नाही. त्यामुळे विल्यम निजामाकडे गेला, पुढे त्याने हैदराबादला सावकारी पेढी काढली, ती अफाट वाढली आणि १८२० च्या दशकात बुडाली. टेलरची बायको या घरातली. म्हणजे टेलरच्या मुलींची पणजी एक बेगम होती. आपण ज्याला सरसकट इंग्रज कुटुंब म्हणतो ते आतून असं असे. फक्त टेलरच्या काळापर्यंत त्याबद्दल उघड बोलायची सोय उरली नव्हती.

आडगावातल्या साहेबाचं घर कसं चाले याची थोडी कल्पना द्यायला हवी. नोकरांचा ताफा मोठा: खानसामा, भिश्ती, धोबी, मोतद्दार, पंखा ओढणारा, आणि मूल असेल तर आया. मुलाची पहिली भाषा आयाचीच. थंडीत साहेब दौऱ्यावर निघाला की तंबूंचे दोन संच असत. एकात आजची रात्र काढायची, तोवर दुसरा बैलांवर लादून पुढच्या मुक्कामी रवाना झालेला. उन्हाळ्यात दारंखिडक्यांना वाळ्याचे ताटे. आणि सतत मागे लागलेली धास्ती म्हणजे ताप आणि पटकी. इंग्रजी छावण्यांच्या कबरस्तानांत कधी चक्कर मारलीत तर दगडांवरची वयं वाचून पाहा. महिने आणि दिवस मोजलेली वयं फार असतात.

जी मुलं जगत, ती पाच-सात वर्षांची झाली की विलायतेला पाठवली जात. आजीकडे, मावशीकडे, नाहीतर पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या परक्या बाईकडे. हवा मानवत नाही हे एक कारण सांगितलं जाई. दुसरं कारण, आयाच्या भाषेत बोलणारं पोर पुरतं साहेब होणार नाही ही भीती. टेलर १८३० च्या दशकाच्या अखेरीस रजेवर मायदेशी गेला. तिथून तो परत आला आणि मग १८६० पर्यंत पुन्हा गेला नाही. वीस वर्षं. मेरी १८४० च्या दशकातच वारली. मुली तिकडे वाढल्या आणि बाप इकडे तंबूत. पत्राला पूर्वी आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने लागत. पुढे सुएझच्या वाटेने महिना-दीड महिन्यावर आलं, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

हे वाचताना माझ्यासारख्या बीडच्या माणसाला दुसरंच काही आठवल्याशिवाय राहत नाही. दसरा झाला की आमच्याकडे मुकादमाच्या गाड्या भरतात. नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला साताऱ्या-सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतो आणि लेकरं आजीजवळ राहतात, पाच-सहा महिने. तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. टेलर पोटासाठी आला असला तरी राज्य करणाऱ्यांच्या बाजूने आला होता, आणि कोयत्याच्या मागे कसलंही राज्य नसतं. पण आजीच्या दारात उभं राहिलेलं लेकरू दोन्हीकडे सारखंच असावं.

टेलरची कीर्ती मात्र झाली ती वेगळ्याच कारणाने. तरुणपणी तुळजापूर भागात पोलिसी कामावर असताना रस्त्यांवर नाहीशा होणाऱ्या वाटसरूंचा माग तो काढू लागला होता. तेवढ्यात त्याला पलटणीत परत बोलावलं गेलं आणि ठगांच्या बंदोबस्ताचं श्रेय पुढे स्लीमनकडे गेलं. ही चुटपुट त्याला आयुष्यभर लागली. नंतर हैदराबादला माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब त्याने स्वतः घेतले आणि त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. १८३९ साली ती लंडनला निघाली. गादीवर नुकतीच आलेली व्हिक्टोरिया राणी छापखान्यातून निघणारे फर्मे मागवून घेऊन ती वाचत होती. अमीर अली नावाचा ठग गळा आवळण्याची हकिकत शांतपणे सांगत जातो, असं ते पुस्तक. मला ते थोर वाटतं आणि खटकतंही. कारण विलायतेतल्या कित्येक घरांत हिंदुस्थान म्हणजे रुमाल हातात घेतलेला अमीर अली, अशीच समजूत त्यानंतर पक्की झाली.

सुरपूरचं प्रकरण मात्र कादंबरीपलीकडचं आहे. सुरपूर म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं बेरड नायकांचं छोटं संस्थान. राजा वेंकटप्पा नायक अज्ञान. दरबारात आई राणी ईश्वरम्मा, भाऊबंद, कर्ज आणि हाणामारी. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला कारभार बघायला टेलरला तिथे नेमण्यात आलं. हाताखाली दुसरा युरोपीय अधिकारी नाही. दहा-अकरा वर्षांत त्याने संस्थानाचा हिशेब मार्गी लावला, तळी-रस्ते केले, टेकडीवर स्वतःसाठी घर बांधलं. ते घर टेलर मंझील या नावाने ओळखलं जातं. याच काळात बायको गेली, मुली दूर होत्या, आणि घरात ये-जा होती ती या पोरक्या राजाची. तो टेलरला अप्पा म्हणे. कानडी-मराठी मुलखात अप्पा कुणाला म्हणतात हे सांगायला नको.

१८५३ साली राजा वयात आला. टेलरने राज्य त्याच्या हवाली केलं. त्याच साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला. त्यातला नळदुर्ग टेलरकडे आला. चार वर्षं किल्ल्यात मुक्काम, दिवसभर शेतकऱ्यांचे तंटे, जमिनीची मोजणी. मोजणीसाठी त्याने इथलीच पोरं शिकवून तयार केली. महादेव बाबा हे नाव पडलं ते या काळात. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्याची बदली बुलढाण्याला झाली. उत्तरेत आगडोंब उसळलेला असताना हा गृहस्थ तिथे फौजेशिवाय बसून राहिला आणि जिल्हा शांत राहिला.

सुरपूर मात्र शांत राहिलं नाही. फेब्रुवारी १८५८ मध्ये वेंकटप्पा उठला. लढाई झाली, तो हैदराबादला पळाला आणि तिथे पकडला गेला. टेलर त्याला कैदेत जाऊन भेटला. अप्पा आता सरकारचा माणूस होता. राजाला फाशीची शिक्षा झाली. फासावर नको, तोफेच्या तोंडी द्या, एवढीच त्याची मागणी होती. शिक्षा पुढे कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण आहे असं त्याच्या पत्रिकेत लिहिलेलं होतं आणि हे टेलरला आधीपासून माहीत होतं. शिक्षा कमी झाल्याची बातमी आली तेव्हा ते टळलं असं त्याला वाटलं. मे महिन्यात मद्रासकडच्या कैदखान्यात नेत असताना, सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने राजाचा अंत झाला. अपघात की आत्महत्या, याचा उलगडा झाला नाही.

टेलरला या प्रकरणात पूर्ण निर्दोष ठरवावं असं मला वाटत नाही. त्याने त्या पोराला लहानाचं मोठं होताना पाहिलं, त्याचा कारभार लावून दिला, आणि ज्या राज्याच्या वतीने हे केलं त्याच राज्याने सुरपूर खालसा केलं. त्यानंतर त्याच सुरपूरचा बंदोबस्त करायला पुन्हा टेलरलाच पाठवलं गेलं. त्याने ते कामही चोख केलं. चोख काम करणाऱ्या माणसांचं हे एक दुखणंच असतं. दोन वर्षांत, १८६० साली, इंग्रजांनी रायचूर आणि नळदुर्ग निजामाला परत दिले, वर सुरपूरही देऊन टाकलं.

त्याच साली टेलर तापाने खंगून कायमचा मायदेशी निघाला. सोलापूरपर्यंत आगगाडीही त्याच साली पोचली. ती चार-पाच वर्षं आधी आली असती, तर नळदुर्गच्या साहेबाला मुंबई किती जवळ झाली असती, असं मनात येतं. डब्लिनजवळ हॅरॉल्ड्स क्रॉस इथे आता मोठ्या झालेल्या मुलींसोबत त्याचं घर लागलं. आयुष्यातलं पहिलंच सलग घर. आणि तिथे बसून त्याने काय लिहिलं? ‘तारा’. तुळजापूरच्या एका पुजारी घरातली मुलगी, अफझलखानाची स्वारी, शिवाजी महाराजांचा उदय. कादंबरी १८६३ साली आली. भवानीचं देऊळ आणि घाट त्याने आयर्लंडच्या पावसात बसून आठवून आठवून लिहिले. मग १८७२ साली ‘सीता’ आली. तिच्यात एक इंग्रज अधिकारी सोनाराच्या घरातल्या विधवेशी लग्न करतो. तिकडच्या वाचकांना ही कल्पित कथा वाटली असेल. फैझ बक्ष बेगमच्या नातीशी लग्न केलेल्या माणसाने ती लिहिली होती.

१८७५ साली दृष्टी गेली. डॉक्टरांनी उबदार हवा सांगितली, तर हा पुन्हा हिंदुस्थानात आला. तिथे जंगली तापाने धरलं. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतॉन गावी १३ मे १८७६ रोजी तो वारला. आत्मचरित्र लिहून झालं होतं. मुलगी ॲलिस हिने ते संपादून १८७७ साली छापलं. त्यात मोजणीचे दर आहेत, तळी आहेत, वेंकटप्पा आहे, नळदुर्ग सोडताना रडणारी माणसं आहेत. मेरीबद्दल तो फार बोलत नाही. आपण ज्या वर्षांत नव्हतो तीच सगळी वर्षं ॲलिसला पानापानांतून तपासावी लागली.