न्यूयॉर्क बंदरात उतरलेले बाबासाहेब

आमच्या पडेगावातील एक तरुण गेल्या वर्षी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला गेला. लांबच्या विमानप्रवासानंतर समुद्रकाठच्या त्या शहरात उतरताच त्याने फोन केला आणि सांगितले, की इथे कोणी आडनावावरून माणूस जोखत नाही. तेव्हा आम्हाला जुलै १९१३ आठवला.

त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर बोटीने न्यूयॉर्क बंदरात पोहोचले. वडील सुभेदार रामजी त्याच वर्षी २ फेब्रुवारीला गेले होते. घरी माता रमाई आणि तान्हा यशवंत होते. आधार होता तो बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीचा. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही होता.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमधील जेवण त्यांना मानवले नाही. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना जन्मभरासाठी लाभले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसलेला, तहान लागली तरी नळाला हात लावू न शकणारा मुलगा आता सर्वांसोबत एका टेबलावर जेवत होता. न्यूयॉर्क काही समतेचे नंदनवन नव्हते, तिथे कृष्णवर्णीयांना भेदभाव सोसावा लागत होता. पण अस्पृश्यतेचा शिक्का त्या शहराने बाबासाहेबांवर मारला नाही.

ही मोकळीक त्यांनी मौजेत घालवली नाही. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. भारतीय जगात जिथे जातील तिथे जात घेऊन जातील, हा इशारा त्यांनी केतकरांचा हवाला देऊन त्यात दिला.

त्यानंतर लंडन, आणि शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली परतीचा प्रवास. विदेशी पदवी घेऊन आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी वसतिगृहात राहिले. काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. परक्या बंदराने जे सहज दिले, ते स्वदेशाने नाकारले.

तरी न्यूयॉर्कमध्ये मिळालेली समता बाबासाहेबांनी स्वतःपुरती ठेवली नाही. आमच्या पडेगावापासून जवळच नागसेनवन आहे. तिथले महाविद्यालय त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केले आणि मराठवाड्यातील वंचितांच्या घरात पदवी पोहोचली.

त्या तरुणाचा दुसरा फोन पंधरा दिवसांनी आला. खोली शोधताना आपल्याच देशातल्या मुलांनी त्याला आधी आडनाव विचारले होते. काय सांगू, असे तो आम्हाला विचारत होता. अमेरिकेतील सिएटल या बंदराच्या शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, हे आम्ही त्याला सांगितले. बाबासाहेबांचा इशारा शंभर वर्षांनी खरा ठरला आहे. म्हणून परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच: आडनाव लपवू नका, एकटे राहू नका, आणि तिथे मिळालेले ज्ञान वस्तीपर्यंत आणा.

जय भीम! नमो बुद्धाय!