प्रकाशाची मात्रा

त्वचेचा क्षय हा रोग माणसाला मारण्यापूर्वी समाजातून उठवीत असे. नाक, गाल, ओठ व्रणांनी झडत आणि रोगी तोंड झाकून जगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डागणे व खरवडणे यांपलीकडे त्यावर फारसा इलाज नव्हता. प्रकाशाने हे व्रण भरून आणणारे नील्स रायबर्ग फिन्सेन हे स्वतःही जन्माचे दुखणाईत होते, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

फिन्सेन यांचा जन्म १८६० साली फॅरो बेटांवर झाला. शालेय शिक्षण आइसलँडमध्ये झाले आणि १८९० मध्ये त्यांनी कोपनहेगन येथे वैद्यकाची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच यकृत व हृदय यांना ग्रासणारा विकार त्यांना जडला. उन्हात आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानी आले. परंतु या अनुभवालाच सिद्धांत न मानता त्यांनी प्रयोगांची कास धरली.

१८९५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर कार्बन-आर्क दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून टाकला. पाण्यातून नेल्याने त्याची उष्णता गाळली जाई. म्हणजे हे डागणे नव्हते. रक्त किरणांना अडवते, म्हणून त्वचा दाबून तेथील रक्त दूर सारले जाई. उपचार महिनोन् महिने चाले. १८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची संस्था उभी राहिली. १९०१ पर्यंत तेथे सुमारे ८०० क्षयरुग्णांवर उपचार झाले व बहुसंख्य बरे झाले. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले, तेव्हा ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. स्वतःच्या शरीरात साठणाऱ्या मिठाचे मोजमाप करून त्यांनी अखेरचा निबंध लिहिला आणि १९०४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, देह ठेवला.

त्यांची सारीच मते टिकली नाहीत. देवीच्या रोग्यांना तांबड्या उजेडात ठेवण्याची सूचना मागे पडली. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी साधने तपासली, तेव्हा ज्या लघुलहरी अतिनील किरणांना गुणाचे श्रेय दिले जाई, ते त्यांतून पार होतच नव्हते, असे दिसले. उरलेल्या किरणांनी जंतूंतील पॉर्फिरिन द्रव्ये उद्दीपित होऊन जंतू मरत असावेत, असे अनुमान निघाले. उपपत्ती बदलली; भरलेले व्रण मात्र खरे होते.

पुढे क्षयावर प्रभावी औषधे आली आणि तो दिवा मागे पडला. आज जखमा भरण्यासाठी लेसर व रंगीत दिव्यांचा गवगवा होत आहे. कोणता किरण, किती वेळ, कोणत्या जखमेवर आणि गुण किती जणांना, हे प्रश्न विक्रेत्याला विचारण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. फिन्सेन यांनी दिव्याइतकाच हा हिशेबही आपल्यासाठी मागे ठेवला आहे.