नाणी तोलणारे गणिती

यवतमाळच्या बाजारात आज कापूस क्विंटलाच्या भावाने विकला जातो. क्विंटल म्हणजे 100 किलोग्रॅम. ही दशमान वजने आपल्या देशात 1958 पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्यापूर्वी मण, शेर व तोळा यांचा हिशेब चाले. त्या काळचा रुपया एक तोळा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम भरे. म्हणून तो नाणेही होता आणि वजनही होता. एक क्विंटल कापूस तोलावयास असे सुमारे 8,576 रुपये लागले असते.

प्राचीन काळीही नाणे व वजन यांचे असेच नाते होते. ग्रीकांचा अथेन्स येथील द्राख्मा सुमारे 4.3 ग्रॅमचा असे, तर आपल्याकडील चांदीचा कार्षापण सुमारे 3.4 ग्रॅम भरतो. म्हणजे तोच क्विंटल सुमारे 23,000 द्राख्मांच्या किंवा 29,000 कार्षापणांच्या भाराचा होईल. आपण नेहमी वापरतो तो 'दाम' हा शब्दही द्राख्मापासूनच, 'द्रम्म' या रूपातून आपल्याकडे आला आहे.

हा हिशेब दिसावयास सोपा आहे. परंतु जुने कार्षापण तराजूत घातले, तर एकाचे वजन दुसऱ्याशी नेमके जुळत नाही. मग खरे वजन कोणते मानावे? आणि वजनात हा फरक का पडावा? या प्रश्नांचा गणिताच्या साहाय्याने शोध घेणारे थोर विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे नामांकित पंडित होते. वडिलांबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले व तेथील हार्वर्ड विद्यापीठातून 1929 साली पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे अध्यापन केले आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले.

कार्षापणावर राजाचे नाव नसते आणि वर्षही नसते. सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे मात्र त्यावर ठोकलेली असतात. त्या चिन्हांचा अर्थ लावण्यात अनेक विद्वान गुंतले होते. कोसंबींनी चिन्हांबरोबर वजनाकडेही लक्ष वळविले. नाणे हातोहात फिरते, तसतसे ते झिजते. ही झीज मोजता आली, तर नाणे किती काळ बाजारात फिरले, हेही कळावे, असा विचार त्यांनी केला.

परंतु विचार पटला, तरी तो कसोटीस लावावा लागतो. कोसंबींनी आपल्या काळी चलनात असलेली हजारो नाणी एकेक करून सूक्ष्म तराजूत तोलली. या नाण्यांवर वर्ष छापलेले असल्यामुळे त्यांचे वय ठाऊक होते. हे काम अतिशय कंटाळवाणे होते. पण त्यातून एक नियम हाती आला. नाणी जितकी जुनी, तितके त्यांचे सरासरी वजन कमी भरते, आणि त्यांच्या आपापसांतील वजनांचा फरकही वाढत जातो. एकटे नाणे फसवू शकते. पुष्कळ नाण्यांची रास मात्र खरे सांगते.

तक्षशिला येथे 1924 साली उत्खननात एक हजारांहून अधिक कार्षापणांचा साठा सापडला होता. कोसंबींनी त्या नाण्यांच्या वजनांना हाच नियम लावून पाहिला. नाण्यांच्या मागील बाजूस बारीक ठसे असत. ज्या नाण्यांवर असे ठसे अधिक, त्यांचे वजन कमी, असे त्यांना आढळले. व्यापारी ठरावीक काळाने नाणी पारखून हे ठसे मारीत असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. त्याच साठ्यात अलेक्झांडरची दोन व त्याच्यानंतरच्या फिलिप राजाचे एक अशी ग्रीक नाणीही होती. ती फारशी झिजलेली नव्हती. त्यामुळे हा साठा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, असे ठरविता आले. अशा रीतीने ग्रीक नाण्यांनी काळ सांगितला आणि आपल्या नाण्यांच्या झिजेने व्यापाराची हकीकत सांगितली.

पुढे 1945 ते 1962 या काळात कोसंबींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा विख्यात ग्रंथ 1956 साली प्रसिद्ध झाला. गावोगाव पायी हिंडून त्यांनी दगडी हत्यारे गोळा केली व लोकांच्या देवदेवतांची माहिती मिळविली. 29 जून 1966 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

इतिहास केवळ राजवाड्यांत घडत नाही; तो बाजारातही घडतो. ज्या अनामिक माणसांनी ते कार्षापण हाताळले, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांच्या बोटांनी झिजविलेली चांदी मात्र उरली, आणि कोसंबींनी ती धीराने तोलून पाहिली.