जीर्णोद्धार नको, डागडुजी करा!

इंग्लंडमधील लेचलेड गावाजवळ, टेम्सच्या वरच्या अंगाला इंगलशॅम नावाची चिमुकली वस्ती आहे. तेथील मध्ययुगीन चर्चमध्ये भिंतीवरचा गिलावा ओबडधोबड आहे, जुन्या चित्रांवर नंतरच्या शतकांतील वचने रंगवलेली आहेत आणि लाकडी बाके कालौघात कलली आहेत. नूतनीकरणाच्या लाटेतून हे सारे बचावले, याचे श्रेय बव्हंशी विल्यम मॉरिस यांचे.

२४ मार्च १८३४ रोजी वॉल्थमस्टो येथे धनाढ्य दलालाच्या घरी मॉरिस जन्मले. डेव्हॉनमधील तांब्याच्या खाणीच्या समभागांनी कुटुंबाला संपत्ती दिली. पुढे समाजवादी झालेल्या मॉरिस यांची घडणही याच पैशावर झाली, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. बालपणी तट्टावर बसून ते एपिंगचे अरण्य पालथे घालीत. मार्लबरोच्या शाळेत अभ्यासापेक्षा एव्हबरीची पाषाणवर्तुळे त्यांना अधिक प्रिय होती. ऑक्सफर्डनंतर वास्तुविशारदाच्या कचेरीतील उमेदवारी, १८६१ साली सजावटीच्या वस्तू बनविणारी भागीदारी संस्था, काव्यलेखनातील कीर्ती हे सर्व वेगाने घडले.

१८७१ मध्ये त्यांनी चित्रकार रोझेटी यांच्यासह केल्म्स्कॉट येथील जुना दगडी वाडा भाड्याने घेतला. रोझेटी १८७४ मध्ये निघून गेले. मॉरिस मात्र त्या गावात रुजले. बागेतील स्ट्रॉबेऱ्या पळविणारे कस्तूर पक्षी १८८३ साली त्यांच्या सुप्रसिद्ध छापील कापडावर अवतरले. ग्रेट कॉक्सवेल येथील तेराव्या शतकाच्या अखेरचे धान्याचे कोठार त्यांना एखाद्या कॅथीड्रलच्या तोडीचे वाटे. पाहुण्यांना ते आवर्जून तेथे नेत.

याच भटकंतीत १८७६ साली बर्फर्डचे चर्च पाहून ते व्यथित झाले. त्या काळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली शतकानुशतकांचा गिलावा खरवडून काढीत आणि नंतरची भर पाडून कल्पनेतले मध्ययुग उभे करीत. पुढील वर्षी ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चवरही हीच पाळी येणार असे कळताच त्यांनी नियतकालिकात पत्र लिहून निषेध नोंदविला. त्यातून १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. तिचे सूत्र साधे होते: गळती थांबवा, कोसळणाऱ्या भिंतीला आधार द्या, पण इमारतीचे वय पुसू नका. खरवडण्याला असलेल्या विरोधामुळे तिला गमतीदार टोपणनावही मिळाले.

या भूमिकेची किंमत त्यांना स्वतःच्या धंद्यात मोजावी लागली. रंगीत काचेच्या खिडक्या हा त्यांच्या कारखान्याचा महत्त्वाचा व्यवसाय. तरीही जीर्णोद्धार होत असलेल्या प्राचीन चर्चसाठी नव्या खिडक्या करणे त्यांनी थांबविले. बोलणे सोपे असते. गिऱ्हाईक परत पाठविणे अवघड.

१८८८-८९ मध्ये इंगलशॅमचे काम त्यांच्या पुढाकाराने व आर्थिक मदतीने झाले. अखेरची वर्षे मुद्रणालय, समाजवादाचा प्रचार आणि ढासळती प्रकृती यांत गेली. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथ येथे त्यांचे निधन झाले. शवपेटी आगगाडीने लेचलेडला आली आणि तेथून द्राक्षवेली व विलोच्या डहाळ्यांनी सजविलेल्या शेतावरच्या गाडीतून, भर पावसात, केल्म्स्कॉटच्या दफनभूमीत नेण्यात आली. मित्र फिलिप वेब यांनी थडग्याचा दगड रेखिला. ज्या वाड्यावर मॉरिस यांनी पंचवीस वर्षे जीव लावला, तो त्यांच्या हयातीत भाड्याचाच राहिला. पत्नी जेन यांनी तो १९१३ मध्ये विकत घेतला.